टेंभुर्णीच्या रुमालातलं पुस्तक

टेंभुर्णीला गेले होते म्हटलं, की मैत्रिणी लगेच विचारतात, "म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरची ना? तिथे आमची गाडी चहाला थांबते." नाही बाई, ती टेंभुर्णी सोलापूर जिल्ह्यातली. मी सांगतेय ती मराठवाड्यातली, जालना जिल्ह्यात जाफ्राबाद तालुक्यातली. मुद्दाम वाट वाकडी करून पाहायला जावं असं तिथे काही आहे, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तुळशीचं लग्न उरकून चार दिवसांसाठी म्हणून गेले, आणि असं काही पाहून आले की तेव्हापासून घरातला माळा आवरताना माझा हात दहादा थांबतो. तुमचाही थांबावा, म्हणून हे सांगायला बसले आहे.

निमित्त होतं आत्याबाईंच्या वाड्याचं. या माझ्या आत्येसासूबाई. वाडा म्हणजे फार मोठा नव्हे. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर माळवद, आणि मधल्या चौकाला सागवानी खांब. माळवद दोन पावसाळे सारखं गळत होतं, तेव्हा यंदा ते उतरवून स्लॅबचं घर बांधायचं ठरलं. आत्याबाईंचा निरोप आला, "पाडायच्या आधी एकदा येऊन जा. तुझी पहिली मंगळागौर याच चौकात झाली होती." असा निरोप आल्यावर कोण राहील? मुलांचे डबे दोन दिवस जाऊबाईंच्या गळ्यात घातले आणि निघाले.

जालन्याला उतरून पुढे एस.टी. धरायची. 'जालना सोने का पालना' असं आपण ऐकत आलो आहोत. आता तिथे पोलादाचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. पण तुम्हाला एक गंमत सांगते. अकबर बादशहाच्या काळात त्याचा मंत्री अबुल फजल काही दिवस जालन्यात मुक्कामाला होता, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदवलेलं आहे. ज्याने 'अकबरनामा' आणि 'ऐन-ए-अकबरी' लिहिले, तो हा अबुल फजल. बादशहाच्या चित्रशाळेत कोण कसा चित्रकार होता, हे त्याने 'ऐन-ए-अकबरी'त लिहून ठेवलं आहे. त्यात दसवंत नावाच्या एका चित्रकाराची हकिकत आहे. हा पालखी वाहणाऱ्याचा मुलगा. भिंती दिसल्या की चित्रं काढत सुटायचा. बादशहाच्या नजरेला ते पडलं आणि पोराचं आयुष्य बदललं. भिंतीवर रेघोट्या ओढल्या म्हणून आपण मुलांच्या पाठीत धपाटा घालतो, त्याआधी जरा दसवंत आठवावा!

हे सारं मला तेव्हा ठाऊक नव्हतं बरं का. खिडकीशी बसून कापसाची आणि ज्वारीची रानं पाहत मी टेंभुर्णीला पोचले, ती आत्याबाईंच्या हातच्या पिठल्या-भाकरीचा विचार करत.

पिठलं-भाकरी झाली, सुपारी झाली, आणि आत्याबाईंनी देवघरातून एक बोचकं आणून माझ्यापुढे ठेवलं. तांबडं कापड, विरून गेलेलं. देवघराच्या भिंतीत एक कोनाडा फळी ठोकून बंद केलेला होता, भिंत उतरवताना तो उघडला आणि आत हे सापडलं. असल्या दप्तराच्या बोचक्याला आपल्याकडे 'रुमाल' म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागदसुद्धा असेच रुमालांत बांधलेले आहेत. रुमालात मोडी कागदांच्या गुंडाळ्या होत्या आणि त्यांच्याखाली एक वीतभर लांबीचं, हाताने लिहिलेलं पुस्तक होतं. अक्षरं फारसी. पहिल्या पानाच्या माथ्यावर निळ्या आणि सोनेरी रंगाची नक्षी, देवळाच्या महिरपीसारखी. इतकी वर्षं भिंतीत राहून सोनं तसंच लकाकत होतं! आतल्या तीन पानांवर मात्र नुसत्या चौकटी आखलेल्या, मध्ये काहीच नाही.

"आजेसासऱ्यांचं असेल," आत्याबाई म्हणाल्या. "ते वसुलीच्या कचेरीत होते. फारसी येत होती म्हणे त्यांना." यात नवल नाही. हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातला दरबारी कारभार पूर्वी फारसीत चाले, १८८०च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. तेव्हा देशपांडे, कुळकर्ण्यांच्या मुलांना पोटासाठी फारसी शिकावीच लागे.

खरी गोष्ट पुढेच होती. भाऊजींनी, म्हणजे आत्याबाईंच्या मुलाने, पुस्तकाचे फोटो कुणाला तरी पाठवले होते. जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी येऊन पाहून गेला. सबंध पुस्तक त्याला नको होतं. त्याला हवं होतं फक्त ते पहिलं, सोनेरी नक्षीचं पान. "बाकीचं तुम्ही ठेवा, मी पान अलगद कापून नेतो," म्हणाला. आणि एका पानाचे पैसे देऊ केले किती, तर भाऊजींच्या लेकीची वर्षभराची होस्टेलची फी निघावी एवढे.

तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? भिंतीतून निघालेलं, कुणाला वाचता न येणारं पुस्तक. एक पान गेलं तर काय बिघडलं? मलाही अगदी तसंच वाटलं. घर बांधायला काढलेलं, सोयाबीनला भाव नाही, आणि मुलगी हुशार, छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात शिकणारी. पण आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई, वाचल्याशिवाय विकायचं नाही. काय लिहिलंय ते तरी कळू दे. उद्या ते काही पवित्र असलं तर?"

दुसऱ्या दिवशी मी आणि ती नात, दोघी पुस्तक मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून जाफ्राबादला गेलो. खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावरचं हे गाव. एके काळी सगळ्या गावाला तट होता. तिथल्या मुख्य मशिदीवर एक फारसी शिलालेख आहे. औरंगजेबाच्या हुकमावरून हिजरी १०७६ मध्ये ती बांधली असा त्यातला मजकूर. हिजरी १०७६ म्हणजे साधारण १६६५ साल, पुरंदरचा तह झाला त्या सुमारचं. आपण शाळेत तह पाठ केला, पण त्याच काळातली दगडावरची अक्षरं आपल्या तालुक्याच्या गावी आहेत हे कुणी सांगितलं नाही.

तिथे एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी आधी हात धुतले, कोरडे केले, मग पुस्तक घेतलं. उजवीकडून उघडलं. दोन ओळी वाचल्या आणि हसले. "ताई, ही गुलिस्तान आहे. शिराजच्या शेख सादींची. १२५८ साली लिहिलेली. आमच्या आजोबांनी हीच घोकली आणि तुमच्या आजेसासऱ्यांनीही हीच. फारसी शिकायची म्हणजे गुलिस्तान आलीच." राजे-फकिरांच्या छोट्या छोट्या गोष्टी आणि शेवटी बोध. म्हणजे आपला हितोपदेशच म्हणा ना!

मग त्यांनी आम्हाला जे दाखवलं, ते ऐकताना मला सारखं वाटत होतं, अरे, हे तर सगळं आपल्या स्वयंपाकघरातलं आणि अंगणातलं आहे.

आधी अक्षर. या वळणाला नस्तालीक म्हणतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इराणात ते आकाराला आलं, आणि त्याचा मान मीर अली तबरीझी या लेखनिकाला देतात. आपली देवनागरी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी शिरोरेघेला लटकते. नस्तालीकचा शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली झोकत उतरतो. मला वाटलं होतं, ही सगळी हाताची लहर. मास्तरसाहेब म्हणाले, "लहर कसली? हिशेब आहे." बोरूचं टोक तिरपं कापायचं, ते कागदावर टेकवलं की शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका उठतो. अमुक अक्षर इतके ठिपके उंच, तमुक अक्षराचं पोट इतके ठिपके रुंद, असं सारं ठरलेलं. बोरू जाड घेतला की ठिपका मोठा, मग अक्षरही त्याच मापाने मोठं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपण! आपल्याला याहून वेगळं काय समजावून सांगायचं?

ओळी सरळ येण्यासाठी पट्टी-पेन्सिल नव्हती. एका जाड पुठ्ठ्यावर हव्या त्या अंतरावर दोरे ताणून बसवायचे, त्यावर कागद ठेवून बोटाने दाबत जायचं. दोऱ्याचे वळ कागदावर उठतात, त्या वळांवर लिहायचं. या पुठ्ठ्याला 'मिस्तर' म्हणतात. नातीने पान उजेडात तिरपं धरलं तर ते वळ अजून दिसत होते.

शाई म्हणजे दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक. तासन्‌तास घोटायची. जितकी घोटावी तितकी काळीभोर. बाळाच्या डोळ्यांत घालायला आपल्या आया घरी काजळ धरायच्या, त्याचीच ही थोरली बहीण. आणि कागद? कागदाला आपण साडीला देतो तशी खळ द्यायची, वाळला की अकिकाच्या गुळगुळीत दगडाने घासून घासून चमक आणायची. अशा घोटीव कागदावरून बोरू अडखळत नाही आणि शाई फुटत नाही. आपल्या मराठवाड्यात दौलताबादेजवळ कागजीपुरा म्हणून गावच आहे, कागद करणाऱ्यांचं. दौलताबादी कागद त्या काळी नावाजलेला. तो व्हायचा कशाचा, तर चिंध्या, जुने दोर आणि गोणपाट यांच्या लगद्याचा. म्हणजे कुणा बायकांची फाटकी लुगडी शेवटी बादशहाच्या फर्मानाचा कागद झाली असतील, नाही का?

रंगांची तर दुकानंच्या दुकानं. निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड कुटून. तांबडा हिंगुळाचा. हिरवा तांब्याच्या गंजाचा; पण हा हिरवा कालांतराने कागद खातो, म्हणून इराणी कारागीर त्यात केशर मिसळत. पिवळा हरताळाचा. हा हरताळ आपल्या ओळखीचा आहे बरं का. पोथी नकलताना चूक झाली की लेखक त्या अक्षरावर पिवळा हरताळ फासून ती झाकत. त्यावरूनच आपण 'सगळ्या बेतावर हरताळ फासला' असं म्हणतो.

आणि शब्द तरी किती आपलेच! कागद, शाई, दौत, जिल्द, रुमाल, पडदा, चादर, हे सगळे फारसीच्या वाटेने आपल्या घरात आले आणि घरचेच होऊन बसले. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पण माजघरातल्या चादरीला कुणी हात लावला नाही.

"आणि या रिकाम्या चौकटी?" नातीने विचारलं.

मास्तरसाहेब जरा थांबले. म्हणाले, "बेटी, पुस्तक एकट्याचं नसायचं. आधी लेखनिक मजकूर लिहायचा आणि चित्राची जागा मोकळी सोडायचा. मग ते चित्रकाराकडे जायचं, सोन्याचं काम करणाऱ्याकडे जायचं, शेवटी जिल्दवाल्याकडे. तुमच्या आजोबांनी लिहिलं स्वतः, नक्षी करवून घेतली. चित्रांपर्यंत पैसे पुरले नसतील."

शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याची विनवणी होती. मुलासाठी हे लिहिलं, चुकलं-माकलं असेल तर वाचणाऱ्याने माफ करावं आणि सुधारून घ्यावं. आपल्या पोथ्या नकलणारेही शेवटी असंच काही लिहीत. वाकून वाकून पाठ मोडली, आता पोथीला तेला-पाण्यापासून जपा, अशी विनंती करीत. भाषा निराळी, पाठदुखी एकच!

मी व्यापाऱ्याचं सांगितलं, तेव्हा मास्तरसाहेबांनी पुस्तक मिटून आमच्यापुढे ठेवलं. "तुमचं आहे, तुम्ही ठरवा. फक्त एवढं लक्षात घ्या, त्या पानाच्या मागच्या बाजूला गोष्ट सुरू झाली आहे. पान गेलं की पुस्तकाचं तोंड गेलं."

घरी येऊन रात्री आम्ही दोघींनी मोबाइलवर आणि नंतर मी गावी परतल्यावर ग्रंथालयात याबद्दल वाचलं. हा पान कापायचा उद्योग काही टेंभुर्णीत सुरू झालेला नाही. इराणच्या शाह तहमास्पने सोळाव्या शतकात 'शाहनामा'ची एक प्रत करवून घेतली होती. २५८ चित्रं, नामांकित चित्रकारांची वर्षानुवर्षांची मेहनत. चारशे वर्षं ती अखंड राहिली. १९५९ साली एका श्रीमंत अमेरिकन संग्राहकाने ती विकत घेतली आणि पुढे तिची पानं सुटी केली. काही न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला दिली, कितीतरी एकेक करून विकली. त्याच्या मृत्यूनंतर १९९४ साली उरलेला भाग इराणला परत मिळाला, तोही एका आधुनिक चित्राच्या बदल्यात. २०११ साली त्यातलं एक सुटं पान लिलावात ७४ लाख पौंडांवर विकलं गेलं. पान श्रीमंत झालं, पुस्तक मात्र गेलं ते गेलंच.

दुसरी हकिकत आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि ती वाचून मला रात्री झोप लागली नाही. चांदबिबी आपल्याला माहीत आहे. अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवणारी. तिची आई खुंजा हुमायून. नवरा हुसेन निजामशहा १५६५ साली वारला, मुलगा लहान, तेव्हा चार वर्षं हिनेच राज्य चालवलं. त्याच काळात आफताबी नावाच्या कवीने हुसेनशहाच्या स्तुतीचं एक फारसी काव्य रचलं. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेली आहे. दख्खनी चित्रकलेतला तो अगदी पहिल्या नमुन्यांपैकी एक मानतात. मंडळाने १९८७ साली ती छापूनही काढली. बारा चित्रं शिल्लक आहेत. लढायांची आहेत, दरबाराची आहेत. त्यांतल्या बायका चोळ्या घातलेल्या, लांब वेण्यांना गोंडे लावलेल्या. आणि राजाच्या शेजारी राणी बसलेली. असं राणीला चित्रात राजाजवळ दाखवणं तेव्हा फारच दुर्मीळ.

पण १५६९ साली तिच्याच मुलाने तिला कैदेत टाकलं. आणि त्यानंतर, असा अभ्यासकांचा तर्क आहे, कुणीतरी ही चित्रं घेऊन बसलं आणि बहुतेक ठिकाणची राणी पुसून टाकली. राजा तसाच, लोड-तक्के तसेच, शेजारी रंगाचा एक डाग. राज्य चालवलेल्या बाईचा डाग! मंडळाच्या त्या पुस्तकातलं छापील चित्र पाहताना मी बराच वेळ त्या डागाकडेच पाहत होते. पुसणाऱ्याला वाटलं असेल, आता हिचं नाव कोण घेतं? पण पुसलेली जागाच आज ओरडून सांगते की इथे कुणीतरी होतं.

हे पुण्याचं मला मागाहून कळलं. टेंभुर्णीतला निकाल त्याआधीच लागला होता, आणि तो लावला आत्याबाईंनी.

झालं असं, की रात्री पुस्तक परत बांधताना नातीला जिल्दीच्या आतल्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहिलेलं दिसलं. बाळबोध अक्षरं, वाकडीतिकडी, फिकट. कंदील नव्हे, मोबाइलचा दिवा धरून तिने वाचलं. डिंक इतका, खारीक इतकी, सुंठ, हळीव, गूळ. बाळंतिणीच्या लाडवांचं प्रमाण! खाली आणखी एक ओळ: मुलगी झाली, वार मंगळवार.

आत्याबाई उठून बसल्या. "अगं, हे सासूबाईंचं अक्षर! त्यांना लिहिता येत होतं? जन्मभर अंगठा करायच्या त्या!" आणि पदर डोळ्यांना लावला. सासरी कुणाला कळू न देता बाई कुठे, कुणाकडून शिकली असेल? आणि लिहायला कोरा कागद मिळेना, म्हणून सासऱ्यांच्या गुलिस्तानचं मागचं पान धरलं असेल. मंगळवारी झालेली ती मुलगी म्हणजे आत्याबाईंच्या थोरल्या वन्सं.

व्यापाऱ्याने ते पान पाहिलं होतं, असं भाऊजी म्हणाले. त्याच्या हिशेबी मागचं पान कुणीतरी 'खराब केलेलं' होतं.

"पुस्तक विकायचं नाही," आत्याबाई म्हणाल्या. "एक पानही नाही."

"आणि फी?" भाऊजींनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्तच होता. नुसत्या भावनेवर होस्टेल चालत नाही.

आत्याबाईंनी चौकातल्या खांबांकडे बोट केलं. वाड्याचं सागवान विकून नव्या स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा करायचा आणि भिंतींना फरश्या लावायच्या असं ठरलं होतं. त्या म्हणाल्या, "मला कडप्प्याचा ओटा चालेल. फरशा पुढच्या साली बघू. लाकडाचे पैसे पोरीला द्या." बायकांनो, चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईने उभ्याच्या ओट्याची हौस सोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. भाऊजी काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनी व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

आता तुमच्या उपयोगाचं सांगते. घरात जुनी पोथी, सनद, पत्रं, फारसी-उर्दू-मोडी काहीही सापडलं, तर एवढं पाळा:

हात धुऊन अगदी कोरडे करा. पान उलटताना बोट जिभेला लावू नका. कागदाला डाग पडतो हे तर झालंच, पण जुन्या हरताळात सोमल असतो आणि हिंगुळात पारा, तेव्हा ते तुमच्या जिवालाही चांगलं नाही.

फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. चिकटपट्टीचा गोंद पुढे पिवळा पडून कागदात उतरतो, आणि लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही.

प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल धरते. मांजरपाट किंवा जुनं सुती धोतर घ्या, गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढा आणि त्यात बांधा. खळ राहिली तर कसर आणि झुरळांना आमंत्रणच. बोचक्याशेजारी वेखंडाची किंवा वाळल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी ठेवावी, पानांत घालू नये.

बाहेरच्या भिंतीला टेकून, जमिनीवर किंवा चुलीच्या धुरात ठेवू नका. पावसाळा सरला की दिवसभर सावलीत, हवेशीर जागी उघडून ठेवा. ऊन दाखवू नका. आपण पापड वाळवतो तसे कागद वाळवायचे नाहीत.

पानापानाचा क्रमाने फोटो काढून ठेवा. आणि विकायचा विचार मनात आला, तर आधी जाणत्याकडून वाचून घ्या. पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, मोलाच्या हस्तलिखितांना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागू होतो, ती परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाहीत. घरोघरच्या हस्तलिखितांच्या नोंदी व्हाव्यात म्हणून केंद्र सरकारने २००३ साली राष्ट्रीय पातळीवर मोहीमही सुरू केली. नोंद केली म्हणजे वस्तू सरकारजमा होते, अशी भीती बाळगू नका.

आणि कधी मुंबईला गेलात, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला जरूर भेट द्या. अकबराच्या चित्रशाळेत १५७५ च्या सुमारास झालेली 'अन्वार-ए-सुहैली'ची पानं त्या संग्रहात आहेत. हे फारसी पुस्तक कुणाचं, ठाऊक आहे? आपल्या पंचतंत्राचंच नातवंड! पंचतंत्र इराणात गेलं, तिथून अरबीत, अरबीतून पुन्हा फारसीत, आणि फिरत फिरत चित्रं लेवून माहेरी परत आलं. मुलांना रात्री सिंहाची आणि बैलाची गोष्ट सांगाल, तेव्हा हा प्रवासही सांगा.

आत्याबाईंच्या नव्या घराचा स्लॅब पडला. परवा त्यांचा फोन आला होता. कडप्प्याचा ओटा उंचीला जरा जास्तच झालाय म्हणून कुरकुरत होत्या. पुस्तक लोखंडी कपाटात, धुतलेल्या मांजरपाटात आहे. नात सुटीला आली, की जाफ्राबादला मास्तरसाहेबांकडे बोरू धरायला शिकते. तिने त्या रिकाम्या चौकटींत चित्रं काढू का, असं विचारलं होतं. आत्याबाईंनी तिला चांगली रागावली आणि दुसऱ्या दिवशी जाडजूड कागदाची नवी वही आणून दिली.

दिवाळीच्या आधी आपण सगळ्या माळा झाडायला काढतोच. यंदा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तळाशी हात घालून पाहा. आणि काही सापडलं, तर मागचं पानही उलटून बघा बरं का.